आकाशातील नेत्रांचा बंदोबस्त

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून प्रक्षेपित झालेला ॲस्ट्रोसॅट हा आपला खगोलवेधी उपग्रह बीडच्या माथ्यावरून कधीही जात नाही. कारण सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरील त्याची कक्षा विषुववृत्ताशी अवघ्या ६ अंशांनी कललेली आहे, आणि बीड १९ अक्षांशांवर वसलेले असल्यामुळे बालाघाटाच्या पठारावरील निरीक्षकाला तिचा मार्ग सदैव दक्षिणेकडेच शोधावा लागतो. ही कक्षा हेतुपुरस्सर निवडलेली आहे, आणि उपग्रहावरील नाजूक संवेदकांच्या रक्षणाचा आरंभ तेथूनच होतो.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या प्रोटॉन-इलेक्ट्रॉनांचे पट्टे व्हॅन ॲलन यांनी १९५८ साली उजेडात आणले. दक्षिण अटलांटिक व ब्राझीलच्या मुलखावर हे क्षेत्र दुर्बल असल्याने आतला पट्टा तेथे बराच खाली उतरतो. ॲस्ट्रोसॅटची कक्षा त्या प्रदेशाच्या केवळ उत्तर कडेला स्पर्श करून जाते.

वेगवान प्रोटॉन सिलिकॉनच्या स्फटिकात शिरला की अणू आपल्या जागेवरून हुसकला जातो आणि त्या दोषस्थानी इलेक्ट्रॉन अडकू लागतात. सीसीडी या संवेदकात प्रत्येक बिंदूवर साठलेला विद्युत्भार शेजारच्या बिंदूकडे सरकत सरकत मोजणीच्या जागी पोहोचायचा असतो. तेव्हा, हातोहात दिलेल्या घागरीतून प्रत्येक हाती थोडे पाणी सांडावे, तसा तो वाटेत घटत जातो आणि क्ष-किरणाची ऊर्जा खऱ्यापेक्षा कमी भरते. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या नावाने १९९९ साली अवकाशात गेलेल्या चंद्रा वेधशाळेला हे पहिल्या काही आठवड्यांतच भोगावे लागले: क्ष-किरण एकवटणाऱ्या आरशांनी मंद प्रोटॉनही संवेदकावर आणून सोडले. त्यानंतर किरणोत्सारी पट्टे ओलांडताना तो संवेदक नाभिस्थानावरून दूर सरकवण्याची तजवीज करण्यात आली.

केवळ जाड धातूची भिंत उभारून हे संकट टळत नाही, कारण प्रकाशाला वाट मोकळी ठेवावीच लागते, शिवाय वजन वाढते, आणि धातूवर आदळलेले कण नव्या कणांना जन्म देतात. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या, ॲस्ट्रोसॅटवरील मृदू क्ष-किरण दुर्बिणीत सीसीडीभोवती प्रोटॉनरोधक कवच तर आहेच, पण अडकलेल्या भाराचे व उष्णताजन्य प्रवाहाचे दुष्परिणाम आवरण्यासाठी तो उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास थंडही ठेवला जातो. त्याच्या कोपऱ्यांवरील लोह-५५ चे किरणोत्सारी स्रोत ज्ञात ऊर्जेचे क्ष-किरण देऊन झालेल्या हानीचा हिशेब अखंड पुरवितात. उपग्रहावरील स्वतंत्र कणमापक धोक्याच्या प्रदेशाची वर्दी देतो, आणि वायूने भरलेल्या संवेदकांचा उच्च विद्युत्दाब त्या काळापुरता उतरविला जातो.

पाच वर्षांच्या अपेक्षित आयुष्यानंतरही ॲस्ट्रोसॅटची निरीक्षणे चालू राहिली, या यशाचे मोल जाणताना कृष्णविवरांच्या वार्तांइतकाच आदर या अबोल बंदोबस्तालाही द्यावयास हवा. कारण संवेदकाची झीज नेमकी मोजल्यावाचून दूरच्या ताऱ्याविषयी केलेले कोणतेही विधान विश्वसनीय ठरू शकत नाही.