पाणंदीवरची सायकल

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरातल्या सायकली जिन्याखाली गेल्या. थोरली तेव्हा आठवीत होती. शाळेतून येताना महामार्गाच्या कडेला मागून एका वाहनाचा धक्का लागला, ती पडली आणि डाव्या हाताचे हाड मोडले. तेवढ्यावर निभावले याबद्दल अल्लाहचे शुक्र मानले, शाळेला रिक्षा लावली आणि धाकट्याच्या सायकलीलाही कुलूप घातले. मग सुट्टीच्या दिवशी मुले मोबाईल घेऊन बसू लागली. रागवावे तरी कसे? बाहेर जाऊ नका, असे आम्हीच सांगितले होते.

नगर शहरात पुणे, मनमाड, सोलापूर, पाथर्डी, छत्रपती संभाजीनगर अशा चहूकडच्या वाटा येऊन मिळतात. त्यात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. अशा गर्दीत मुलांच्या हाती सायकल द्यायला कोणाचाही जीव धजणार नाही.

वाट दाखवली ती मुलांच्या मामूंनी. ते नगर तालुक्यातच शेती करतात. ईदला आले तेव्हा जिन्याखालच्या सायकली बघून म्हणाले, "रस्ता म्हणजे डांबरच असतो का, आपा? आमच्या शिवारात या. दिवसभर फिरलं तरी हॉर्न ऐकू यायचा नाही."

नानांची काळी सायकल

पाणंद म्हणजे शेतांमधून जाणारी जुनी गाडीवाट आणि शिवरस्ता म्हणजे दोन गावांच्या हद्दीवरची वाट. आपल्याकडे गावागावांत अशा वाटा आहेत. माळावर त्या मुरमाच्या असतात, म्हणून पाऊस पडून गेल्यावर लवकर वाळतात. काळ्या रानातली वाट मात्र ओली असताना टाळावी. माती चाकात अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम.

अशा वाटांसाठी परदेशात 'ग्रॅव्हल बाईक' नावाच्या महागड्या सायकली निघाल्या आहेत. ग्रॅव्हल म्हणजे खडी-मुरूम. या सायकलींचे टायर बहुधा 35 ते 50 मिलिमीटर रुंद असतात, त्यामुळे खडीवरून घसरत नाहीत आणि हादरेही कमी बसतात. आम्ही मामूंच्या घरची नानांची काळी सायकल मोजली. तिचा टायर 28 बाय दीड इंची, म्हणजे जवळपास 40 मिलिमीटर! नाना ज्या सायकलीवर कांद्याची गोणी बाजाराला न्यायचे, ती या वाटांसाठीच जन्मली होती. तेव्हा नवीन सायकल घेण्याची घाई करू नका. घरातल्या सायकलीचे ब्रेक नीट करा, हवा थोडी कमी ठेवा. बाभळीच्या काट्यांसाठी पंक्चरचे सामान, पंप आणि एक जादा ट्यूब मात्र हवीच.

शाह डोंगरापासून भातोडीकडे

पहिल्या फेरीसाठी आम्ही नगरच्या पूर्वेची बाजू निवडली. महामार्गाचा तुकडा नको म्हणून सायकली मामूंच्या टेम्पोत टाकल्या आणि फज्रनंतर निघून पाथर्डी रस्त्यावरच्या शाह डोंगराच्या पायथ्याशी उतरलो. डोंगरावरची तीन मजली, अष्टकोनी दगडी इमारत सगळे 'चांदबिबीचा महाल' म्हणून ओळखतात. खरे तर तो मुर्तजा निजामशाहाचा वजीर सलाबत खान (दुसरा) याचा मकबरा आहे. थोरलीने हे ऐकले आणि म्हणाली, "मग आम्ही सहलीला आलो तेव्हा कोणी सांगितलं का नाही?"

तिथून आडवाटांनी भातोडीकडे निघालो. डाव्या हाताला तूर, उजव्या हाताला ज्वारी. अर्ध्या तासात समोरून एक बैलगाडी आणि एक मोटारसायकल एवढीच वाहने आली. थोरली सुरुवातीला आमच्या मागेच राहिली. मागून जराही आवाज झाला की ब्रेक दाबायची. तासाभराने ती न बोलता पुढे निघून गेली आणि वळणावर थांबून आमची वाट बघू लागली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्या दिवशी आणखी काही घडले नसते तरी चालले असते.

भातोडीचा तलाव सलाबत खानाच्याच काळातला. इथेच 1624 मध्ये मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. शहाजीराजे भोसले निजामशाहीच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी या लढाईत कामी आले. त्यांची समाधी भातोडीतच आहे. तलावाचे पाणी सोडून अंबरने शत्रूची छावणी चिखलात अडकवली, असे सांगितले जाते. हबशी वजीर, मराठे सरदार आणि निजामशाही तलाव, हे सारे एकाच बांधावर उभे राहून मुलांना सांगता आले. बांधाच्या सावलीत ज्वारीची भाकरी, ठेचा आणि अम्मीने दिलेले कबाब खाल्ले.

फ्रान्समध्ये तुलूझपासून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे 240 किलोमीटरचा 'कनाल द्यू मिदी' आहे. 1666 ते 1681 या काळात तो खोदला गेला. काठावरून घोडे नावा ओढत चालायचे. आता घोडे गेले, पण वाट मोडली नाही. आज त्याच वाटेवर कुटुंबेच्या कुटुंबे सायकली चालवतात. भातोडीचा तलाव त्या कालव्याहूनही जुना. मग त्याच्याकडे जाणाऱ्या आपल्या वाटा का बुजाव्यात?

वाट बुजली होती

हा प्रश्न आम्हाला पुढच्याच महिन्यात पडला. मामूंच्या गावाजवळची पाणंद मध्येच संपली. समोर काट्या लावलेल्या आणि पलीकडे कांदा. शेतमालक तरुण होता. म्हणाला, "इथं रस्ता नाहीच." आम्ही मागे फिरलो. परतताना वस्तीवरच्या तीन मुली दिसल्या. पाणंद बंद झाल्यामुळे त्या रोज वळसा घालून मोठ्या रस्त्याच्या कडेने शाळेला जात होत्या. थोरलीने आपला डावा हात धरला आणि काहीच बोलली नाही.

मामूंनी भांडण केले नाही. ते तलाठ्याकडे गेले आणि गावनकाशा पाहिला. नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवतात, तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायवाट एका तुटक रेषेने, ती सव्वाआठ फूट. आमची पाणंद दुहेरी रेषेत स्पष्ट होती. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 प्रमाणे अडवलेली वहिवाट मोकळी करून घेण्यासाठी तहसीलदाराकडे दाद मागता येते, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेताला वाटच नसेल तर जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो. पाणंद रस्त्यांच्या मजबुतीसाठी राज्याची 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना' 2021 मध्ये सुरू झाली. अशा कामाची मागणी ग्रामपंचायतीमार्फत करता येते.

अर्ज करायची वेळ आली नाही. मामू नकाशाची नक्कल घेऊन त्या तरुणाच्या घरी चहाला गेले. "भाऊ, तुझा कांदा निघेपर्यंत थांबतो. पण पुढच्या पावसाळ्यात तुझाच ट्रॅक्टर कुठून बाहेर काढशील?" कांदा निघाला आणि दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी दोर धरून गाडीवाटेपुरती जागा सोडली. आता त्या तिघी पाणंदीनेच शाळेला जातात.

निघण्यापूर्वी

मुली-महिलांसाठी खाली वाकलेल्या दांडीची, पूर्ण चेनकव्हरची आणि मागच्या चाकाला जाळी असलेली सायकल उत्तम. बुरखा किंवा ओढणी असेल तर टोके पिनने नीट बांधून घ्या. पहिल्यांदा दहा-बारा किलोमीटर पुरे. माणशी दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे आणि टोपी घ्या. कालव्याकाठची वाट मोहात पाडते, पण आवर्तन सुरू असताना मुलांना तिकडे नेऊ नका. नगरच्या आसपास लष्कराच्या सरावाची क्षेत्रेही आहेत. पाटी दिसली की मागे फिरा. उभ्या पिकातून सायकल घालू नका, फाटक उघडले तर लावून घ्या आणि वाटेत भेटेल त्याला सलाम-रामराम करा. पुढची वाट तोच सांगतो.

थोरली आता दहावीत आहे. शाळेला अजून रिक्षाच आहे, कारण शहरातला रस्ता काही बदललेला नाही. पण रविवारी पहाटे आम्हाला उठवायला तीच येते. तुमच्याही जिन्याखाली एखादी सायकल असेल. एकदा गावाकडच्या मामूंना, चाचांना फोन करून विचारा: आपल्या शिवारातली पाणंद अजून मोकळी आहे ना?