चर्चापीठाची निवड

शिक्षकांचा अभ्यासगट असो वा पाणलोट क्षेत्रातील गावांचा समूह असो, दूरदूरच्या सदस्यांना विचारविनिमय करता यावा यासाठी संगणकीय चर्चापीठ हे साधन आज अल्प खर्चात उपलब्ध आहे. मोबाईलवरील गटात संदेशांच्या ओघात महत्त्वाची माहिती वाहून जाते. चर्चापीठावर मात्र प्रत्येक विषयाची चर्चा स्वतंत्र राहते आणि जुने उत्तरही नवागताला शोधता येते. म्हणूनच ते चालविणारे सॉफ्टवेअर विचारपूर्वक निवडणे अगत्याचे ठरते.

पहिला प्रश्न असा, की हे दप्तर कोणाच्या ताब्यात राहणार? भारतात एकेकाळी अत्यंत लोकप्रिय असलेली ऑर्कुट ही सेवा ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाली. याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले. तेथील संचित मजकूर त्यापूर्वीच काढून टाकण्यात आला होता. ज्या गटांनी वेळीच प्रती घेतल्या नाहीत, त्यांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार हातचा गेला.

हा धोका टाळण्यासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा विचार करता येतो. २००० साली आलेले पीएचपीबीबी साध्या भाड्याच्या सर्व्हरजागेवर चालते. २०१३ साली आलेले डिस्कोर्स मोबाईलवर अधिक सोयीचे आहे व त्यात ईमेलनेही उत्तर देता येते. मात्र त्यास किमान १ गिगाबाइट मेमरीचा स्वतंत्र सर्व्हर लागतो. दोन्ही विनामूल्य असली, तरी सर्व्हरचे भाडे आणि वेळोवेळी सुधारित आवृत्ती बसविणारा जाणकार यांची तरतूद करावीच लागते.

दुसरा प्रश्न व्यवस्थेचा. जाहिराती व अपशब्द हटविण्याचे अधिकार कोणाला, हे आरंभीच ठरवावे. एकाच व्यक्तीवर भार न टाकता किमान दोघांकडे जबाबदारी असावी.

तिसरा प्रश्न भाषेचा. शोधयंत्रणा शब्द जसाच्या तसा जुळवीत असेल, तर ‘पाणी’ शोधणाऱ्यास ‘पाण्याचा’ हा शब्द असलेला मजकूर सापडणार नाही. ही चाचणी आधीच घ्यावी.

अंतिम निर्णयापूर्वी दहा-बारा सदस्यांनी महिनाभर प्रत्यक्ष वापर करावा. त्यानंतर सर्व मजकुराची प्रत काढून ती दुसऱ्या सर्व्हरवर पुन्हा उभी करून पाहावी. सरपंच बदलला तरी ग्रामपंचायतीचे दप्तर पुढील कारभाऱ्याकडे बिनचूक सोपविले जाते. चर्चापीठाच्या बाबतीतही हीच दक्षता घेतली, तर आजच्या सदस्यांचा अनुभव उद्याच्या सदस्यांच्या उपयोगी पडेल.