‘निजामकालीन’ रेडिओ आणि पितळी भोंगा : जुन्या ध्वनियंत्रांचं वय कसं ओळखावं

मागच्या दिवाळीनंतर बेला भागातल्या एका घरून फोन आला. “काका, आमचा रेडिओ निजामाच्या काळातला आहे. इंटरनेटवर असाच एक 25,000 ला लावलाय. तुम्ही एकदा पाहून सांगा, मग आम्ही टाकतो विकायला.” मी गेलो. चकचकीत लाकडी पेटी, पुढे हस्तिदंती रंगाची बटणं. मागचा पुठ्ठा काढून आत टॉर्च मारला. ईसीएच 81 आणि ईएल 84 हे व्हॉल्व्ह दिसले.

तिथंच गोष्ट संपली. हैदराबादेतली निजामाची राजवट सप्टेंबर 1948 मध्ये गेली. ईएल 84 बाजारात आला 1953 च्या आसपास. व्हॉल्व्ह नंतर बदलला असेल म्हणावं, तर नऊ पिनांचा हा छोटा काचेचा व्हॉल्व्ह जुन्या जाड बुडाच्या व्हॉल्व्हच्या सॉकेटात बसत नाही. सॉकेट मूळचंच होतं. रेडिओ चांगला होता, पण निजामाचा नव्हता. मी तसं सांगितलं. घरच्यांचा चेहरा उतरला, कारण त्या पैशात बोअरची मोटर दुरुस्त करायचं ठरलं होतं. खरं सांगणं फुकट असतं असं नाही; त्याची किंमत कधी कधी समोरचा मोजतो.

मागितलेला भाव आणि मिळालेला भाव

या 25,000 चा हिशेब समजून घेऊ. इंटरनेटवर दिसतो तो मागितलेला भाव. विकला गेला का, कितीला गेला, हे बहुतेक वेळा कळतच नाही. पण दुसरा विकणारा तोच आकडा पाहून आपला ठरवतो, तिसरा त्यावर चार हजार चढवतो. वस्तू जागेवरच, भाव मात्र गावभर फिरून आलेला. त्यात ‘निजामकालीन’, ‘दुर्मिळ’, ‘राजघराण्यातला’ हे शब्द लावायला काहीच खर्च येत नाही.

ग्रामोफोनचं तर विचारू नका. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी लखलखीत पितळी भोंग्याचा, कुत्र्याचं चित्र असलेला ‘शंभर वर्षांचा’ ग्रामोफोन मोठ्या हौसेनं घेतला. उघडला, तर खोकं नव्या लाकडाचं आणि आत मोटर एका जुन्या पोर्टेबलची. असे जोडकाम केलेले ग्रामोफोन आपल्याकडे ढिगानं बनतात आणि परदेशातही जातात. बाहेर भोंगा असलेल्या यंत्रांचा जमाना 1920 च्या दशकाअखेर सरत आला होता. भोंगा पेटीच्या आत गेला. सामान्य घरांत पुढे दिसला तो एचएमव्ही 102 सारखा, सुटकेससारखा बंद होणारा पोर्टेबल. तो 1931 पासून जवळजवळ तीन दशकं बनत होता. त्याला बाहेर भोंगा नाही, म्हणून दिवाणखान्यात मिरवता येत नाही, म्हणून भाव नाही. मग त्याचीच मोटर काढून पितळी सोंगात घालतात. म्हणजे एक खोटी वस्तू तयार होताना एक खरी वस्तू मरते.

रेकॉर्डचंही तसंच. 78 ची रेकॉर्ड म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीचीच, हा समज चुकीचा. कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात 1960 च्या दशकातही 78 च्या रेकॉर्ड निघत होत्या, बीटल्सच्यासुद्धा निघाल्या.

उघडून पाहा

रेडिओचं वय ओळखायच्या काही साध्या खुणा सांगतो. तबकडीवर ‘विविध भारती’ छापलं असेल तर रेडिओ ऑक्टोबर 1957 च्या आधीचा नाही, कारण ती सेवाच तेव्हा सुरू झाली. आकड्यांशेजारी किलोसायकल लिहिलंय की किलोहर्ट्झ, ते पाहा. ‘हर्ट्झ’ हे नाव 1960 मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं आणि तबकड्यांवर हळूहळू आलं. व्हॉल्व्हच्या नावाचं पहिलं अक्षरही बोलतं. ‘ई’ म्हणजे 6.3 व्होल्टची तार, विजेवरचा सेट. ‘डी’ म्हणजे 1.4 व्होल्ट, बॅटरीवरचा. आणि एक विनंती : जुना रेडिओ थेट प्लगला लावू नका. आतले कागदी कपॅसिटर गळके झालेले असतात. ते बदला, आणि पहिल्यांदा सुरू करताना सिरीजमध्ये बल्ब लावा.

लढाई भावाची नाही, माहितीची

हा मार्ग दाखवणारी माणसं आपल्याच भाषेत आहेत. मुंबईत 1990 साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तिचं चिटणीसपद सांभाळलं आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक काढलं. कोणती रेकॉर्ड केव्हाची, क्रमांकावरून काय कळतं, ही माहिती सर्वांपुढे आली, की ‘दुर्मिळ’ म्हणणाऱ्याला पुरावा द्यावा लागतो. आम्ही चार-पाच जण छोट्या प्रमाणात तेच करतो. न उघडता वस्तू घ्यायची नाही. जादा व्हॉल्व्ह एकमेकांना खरेदीच्याच भावात द्यायचे. प्रत्यक्ष किती मोजले, ते वहीत लिहायचं. आणि कुणाची वस्तू तपासली तर वय सांगायचं, भाव सांगायचा नाही.

आता बेल्याच्या त्या घराकडे परत येतो. निघताना माळ्यावर एक फुटकं खोकं दिसलं, भंगारात द्यायला काढलेलं. आत डीके 96, डीएल 96. बॅटरीचा सेट! घरातल्या आजी म्हणाल्या, “लाइट नव्हती तवाचा हाय तो. सांजेला सारी गल्ली आमच्या अंगणात बसे.” खोक्याच्या तळाशी नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानाची पावती आणि पोस्टाचं लायसन्सचं पुस्तक. वीज नसलेल्या गावात बातमी कशी पोचली, इथली मराठी माणसं मोठ्या खरेदीला कुठल्या शहरात जात, हे सगळं त्या दोन कागदांत होतं. भाव मात्र किलोवर.

परवानगीनं घरी आणला. कपॅसिटर बदलले, 9 व्होल्टच्या दहा बॅटऱ्या जोडून 90 व्होल्ट केले, तारेसाठी एक टॉर्चचा सेल. रात्री मध्यम लहरींवर खरखरीतून मराठी शब्द आले. आता तो आजींच्या खोलीत आहे, पावतीसकट. विजेवरचा रेडिओही पुढे विकला गेला, खऱ्या वयासह आणि बऱ्याच कमी पैशांत. मोटरीला थोडी पदरची भर घालावी लागली.

मंडळी, विकायचं तर जरूर विका. पण आधी मागचं झाकण उघडून फोटो काढा, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा आणि कुणी, केव्हा, कुठून आणलं ते लिहून मंडळाकडे पाठवा. वस्तू एकदा बाजारात गेली, की ही माहिती पैसे देऊनही परत मिळत नाही.