न दिसणाऱ्यांची मोजदाद

माणसांची शिरगणती घरोघरी जाऊन करता येते. परंतु तळ्यातील मासे किंवा रानातील वाघ हजेरीला 'हजर' म्हणत नाहीत. त्यांची संख्या कशी काढावी? येथे आपल्या शाळेतील त्रैराशिकच उपयोगी पडते.

एक प्रयोग करून पाहू. पिशवीभर चिंचोके घ्या. त्यांतील ५० चिंचोक्यांवर चुन्याचा ठिपका द्या, ते परत पिशवीत टाका व पिशवी चांगली हलवा. आता न पाहता ४० चिंचोके काढा. त्यांत ठिपक्याचे ८ निघाले असे समजू. ४० मध्ये ८ म्हणजे पाचवा हिस्सा. हातात आलेल्यांत जे प्रमाण, तेच पिशवीत आहे असे धरल्यास आपले ५० चिंचोके सर्वांचा पाचवा हिस्सा ठरतात. म्हणजे एकूण चिंचोके सुमारे २५०.

डेन्मार्कमधील पीटरसन या शास्त्रज्ञाने १९ व्या शतकाच्या अखेरीस माशांना खुणा करून सोडले. १९३० साली अमेरिकेतील लिंकन यांनी पायांत कडी घातलेल्या बदकांवरून हेच गणित मांडले. वाघाला तर खूण करावीच लागत नाही. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. एकदा छायाचित्रात आलेला वाघ म्हणजे ठिपका दिलेला चिंचोका! कर्नाटकातील नागरहोळे अरण्यात डॉ. उल्लास कारंथ यांनी १९९० नंतरच्या दशकात ही पद्धत यशस्वी करून दाखविली.

मात्र प्रमाण खरे ठरण्यास अटी आहेत. खूण पुसता कामा नये, प्राणी एकमेकांत नीट मिसळले पाहिजेत आणि दोन्ही वेळांच्या मध्ये फारशी ये-जा किंवा जन्ममृत्यू होता कामा नयेत. एकदा सापडलेला प्राणी सापळ्याला भिऊन दूर राहिला, तर ८ ऐवजी ४ च खुणेचे मिळतील आणि २५० चे ५०० होतील. प्राणी वाढले नाहीत, आपली चूक वाढली!

अशा चुकीची किंमत मोठी असते. राजस्थानातील सरिस्का येथे पावलांच्या ठशांवरून केलेल्या गणतीत वाघ नोंदलेले होते. २००५ साली पाहतात तो एकही उरला नव्हता. कागदावरील वाघांनी रानातील वाघांचा नाश झाकून ठेवला. त्यानंतर २००६ च्या देशव्यापी गणनेत कॅमेऱ्यांचा आधार घेण्यात आला व अंदाज १,४११ निघाला. २०२२ च्या गणनेत तो सरासरी ३,६८२ झाला.

विद्यार्थिमित्रहो, उत्तर काढणे सोपे आहे. आपण गृहीत काय धरले, हे तपासून पाहणे हेच खरे गणित होय.