गावाचा लढा, परक्यांची साक्ष

इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी वेस्ट बँकमधलं बुद्रुस हे छोटं गाव. 2003 मध्ये इस्रायलच्या विभाजक भिंतीची आखणी या गावाच्या शिवारातून झाली. सुमारे 300 एकर जमीन आणि 3,000 ऑलिव्हची झाडं जाणार होती. आयद मोरार या कार्यकर्त्याने फतह आणि हमास या दोन्ही पॅलेस्टिनी पक्षांच्या माणसांना एका मोर्चात आणलं. मोर्चात बायकाही हव्यात, हा आग्रह त्यांची पंधरा वर्षांची मुलगी इल्तेझाम हिचा. पुढे ती स्वतः बुलडोझरसमोरच्या खड्ड्यात उतरली. दहा महिन्यांत पन्नासहून अधिक मोर्चे निघाले. शेवटी भिंतीची आखणी बदलली आणि बहुतेक जमीन वाचली.

या मोर्चांत गावकऱ्यांबरोबर इस्रायली आणि परदेशी स्वयंसेवकही चालत होते. दुसऱ्या देशातला विद्यार्थी, निवृत्त शिक्षिका किंवा परिचारिका तिथे जाऊन नेमकं काय करते? आणि त्याचा गावाला कितपत उपयोग होतो?

आधी भिंतीविषयी. दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनी उठावात, इस्रायली शहरांतल्या आत्मघाती स्फोटांत शेकडो नागरिक मारले गेले. हल्लेखोरांना रोखायचं, असं सांगत 2002 मध्ये भिंतीचं बांधकाम सुरू झालं. शहरांजवळ ती आठ मीटर उंचीची काँक्रीटची आहे. इतरत्र कुंपण, चर आणि गस्तीचा रस्ता. नियोजित लांबी सुमारे 700 किलोमीटर. वाद तिच्या जागेवर आहे. ती 1949 च्या युद्धबंदी रेषेवर, म्हणजे ग्रीन लाइनवर उभी राहिली असती तर प्रश्न वेगळा होता. पण तिची सुमारे 85 टक्के आखणी वेस्ट बँकच्या आत आहे. 9 जुलै 2004 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वेस्ट बँकमधली भिंत आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध असल्याचं मत दिलं. ते मत सल्ल्यापुरतं होतं, त्यामुळे काम थांबलं नाही.

आता स्वयंसेवकांविषयी. इंटरनॅशनल सॉलिडॅरिटी मूव्हमेंट ही त्यांची संघटना 2001 मध्ये स्थापन झाली. संस्थापकांत पॅलेस्टिनी, इस्रायली आणि अमेरिकी कार्यकर्ते होते. गावकऱ्यांच्या सोबतीला स्वयंसेवक पाठवण्याचा जागतिक चर्च परिषदेचा कार्यक्रम 2002 मध्ये सुरू झाला. काही इस्रायली तरुण 2003 मध्ये मसहा गावातल्या धरणे-तंबूत एकत्र आले आणि पुढे वर्षानुवर्षं गावोगावच्या मोर्चांना जात राहिले.

सॉलिडॅरिटी मूव्हमेंटच्या स्वयंसेवकांना आधी प्रशिक्षण मिळतं: अश्रुधुरात काय करायचं, अटक झाली तर काय बोलायचं, शस्त्राला हात लावायचा नाही. आणि मुख्य म्हणजे निर्णय गावकऱ्यांचा. मोर्चा कधी काढायचा, कुठे थांबवायचा, हे पाहुण्याने ठरवायचं नाही.

मोर्चापेक्षा मोठं काम शेतात असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऑलिव्हची तोडणी चालते. भिंतीपलीकडच्या किंवा इस्रायली वसाहतीला लागून असलेल्या बागेत एकट्या कुटुंबाने जाणं धोक्याचं. ओटोमन काळातल्या 1858 च्या जमीन कायद्याचा आधार घेऊन पडीक जमीन सरकारी ठरवली जाते. म्हणजे शेतकरी भीतीपोटी बागेत गेला नाही, तर आज पीक जातं आणि उद्या जमीन. अशा वेळी परदेशी माणसं झाडाखाली ताडपत्री पसरतात, फळं तोडू लागतात आणि कॅमेरा जवळ ठेवतात. रात्री धाडी पडणाऱ्या घरांत ती मुक्कामाला राहतात.

त्यांच्या असण्याला वजन येतं ते कायद्यातल्या भेदामुळे. वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी माणसावर लष्करी न्यायालयात खटला चालतो. 1967 च्या 101 क्रमांकाच्या लष्करी हुकमानुसार दहा किंवा त्याहून जास्त माणसांच्या राजकीय जमावाला परवाना लागतो. इस्रायली नागरिकाला इस्रायलचा मुलकी कायदा लागू होतो आणि परदेशी माणसाला बहुधा देशाबाहेर काढतात. मोर्चा एकच, शिक्षा तीन प्रकारच्या. बिलिन गावचे नेते अब्दुल्ला अबू रहमा यांना 2010 मध्ये बेकायदा निदर्शनं आणि चिथावणी या आरोपांखाली एक वर्षाची कैद झाली. युरोपीय संघाने त्यांना मानवी हक्कांचे रक्षक म्हटलं होतं, तरीही.

बिलिनमध्ये 2005 पासून दर शुक्रवारी नमाजनंतर मोर्चा निघे. बहुतेक माणसं निःशस्त्र असत, काही तरुण दगड मारत, आणि सैनिक अश्रुधूर व रबरी आवरणाच्या गोळ्या वापरत. 4 सप्टेंबर 2007 रोजी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने इथली आखणी सुरक्षेसाठी आवश्यक असल्याचं मानायला नकार दिला आणि ती बदलण्याचा आदेश दिला. कुंपण प्रत्यक्षात हललं 2011 मध्ये, आणि गावाला गेलेल्या जमिनीचा एक भागच परत मिळाला. गावकरी इमाद बुर्नात यांनी चित्रित केलेला आणि इस्रायली गाय डेव्हिडी यांच्यासह दिग्दर्शित केलेला ‘फाइव्ह ब्रोकन कॅमेराज’ हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला.

परदेशी पासपोर्ट मात्र कवच नव्हे. 16 मार्च 2003 रोजी गाझातल्या रफाहमध्ये घर पाडायला आलेल्या बुलडोझरखाली 23 वर्षांची अमेरिकी स्वयंसेविका रेचेल कॉरी मारली गेली. पुढच्याच महिन्यात तिथेच ब्रिटिश स्वयंसेवक टॉम हर्नडॉलला डोक्यात गोळी लागली. जानेवारी 2004 मध्ये तो गेला. 6 सप्टेंबर 2024 रोजी वेस्ट बँकमधल्या बैता गावात वसाहतीविरोधी निदर्शनानंतर 26 वर्षांची तुर्की-अमेरिकी आयशेनूर एझगी एयगी गोळी लागून मरण पावली.

हर्नडॉलच्या कुटुंबाने पाठपुरावा सोडला नाही. गोळी झाडणाऱ्या सैनिकाला आठ वर्षांची शिक्षा झाली. याउलट, बिलिनचा गावकरी बासेम अबू रहमा याच्या छातीवर 17 एप्रिल 2009 रोजी अश्रुधुराचं नळकांडं आदळलं आणि तो मेला. घटनेचं चित्रण उपलब्ध होतं, तरी कोणावरही खटला उभा राहिला नाही. बैतामध्ये एयगीच्या आधी कित्येक गावकरी मारले गेले, पण जगभर बातमी झाली ती तिच्या मृत्यूची.

स्वयंसेवकांच्या कामाचं मोल आणि त्याची मर्यादा, दोन्ही इथेच दिसतात. जग ज्या विषमतेने माणसांचे जीव तोलतं, तिचाच वापर ते गावाच्या बाजूने करतात. त्यांचं धैर्य खरं आहे. पण बुद्रुसची झाडं वाचली ती बुद्रुसकरांच्या एकजुटीने, आणि बिलिनचा खटला उभा राहिला तो तिथल्या ग्रामपंचायतीच्या अर्जावर. पाहुणे काही आठवड्यांनी घरी जातात; गावकऱ्यांना दुसऱ्या दिवशीही त्याच शेतात जायचं असतं. म्हणून वेस्ट बँकमधल्या एखाद्या परदेशी स्वयंसेवकाच्या मृत्यूची बातमी वाचाल, तेव्हा त्या गावात त्याआधी कोण मेलं, हेही शोधून वाचा. परदेशी स्वयंसेवक तिथे जातात ते जगाने गावाकडे पाहावं म्हणून.