रात्रीची मुंबई जागी, पण कुणासाठी?

मैत्रिणींनो, मुंबई रात्रीही झोपत नाही, असं आपण नेहमी ऐकतो. पण रात्री नऊला फोर्टातल्या गल्ल्यांत जाऊन बघा! ऑफिसं सुटली की सारी गर्दी चर्चगेट नि सीएसएमटीकडे लोटते. मागे उरतात बंद शटरं आणि रखवालदार. कारण इथे कामाला येणारे फार, राहणारे थोडेच. जवळच मरीन ड्राइव्हवर मात्र त्याच वेळी आज्या, लेकुरवाळ्या बायका, कॉलेजच्या मुली कठड्यावर निवांत बसलेल्या दिसतात. दिवे दोन्हीकडे आहेत. फरक आहे तो माणसांचा.

२०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने दुकानं चोवीस तास उघडी ठेवता येतात. बाईच्या संमतीने तिला रात्री साडेनऊनंतरही काम देता येतं. पण तिची सुरक्षा आणि घरापर्यंत पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. मात्र कायद्याने दुकान उघडं राहील, रस्ता आपलासा कसा होणार? तो होतो बायकांच्या वावराने.

आपल्या गावची पेठही दुकानं मिटली की सुनसान होते. मग जेवणानंतर चौघीजणी मिळून तिथेच शतपावलीला निघालो तर? एकीची भीती चौघींत वाटली जाते, आणि पाचवीलाही बाहेर पडायचा धीर येतो.