चित्र मोठं केलं म्हणून बारकावे येत नाहीत

१:५०,००० चा नकाशा भिंगाखाली धरला, तरी सर्वेक्षकाने न नोंदलेली मोरी त्यात दिसत नाही, हे मी फौजेत शिकलो. आकाशाच्या नकाशाचंही तसंच आहे.

कुठलंही चित्र म्हणजे लहानमोठ्या लाटांची बेरीज. ती उलगडणारं आणि पुन्हा जुळवणारं गणित म्हणजे फूरिये रूपांतर. पुणे जिल्ह्यात खोडद परिसरात जीएमआरटीच्या ३० अँटेना आहेत, म्हणजे ४३५ जोड्या. प्रत्येक जोडी एका वेळी एकाच मापाची लाट मोजते. जवळची जोडी ढोबळ पसारा, लांबची बारकावे. सर्वांत लांबचं अंतर सुमारे २५ किलोमीटर. त्यामुळे हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर साधारण २ विकलांहून जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत.

संगणकावर चित्र ताणलं, तर आकार वाढतो, माहिती नाही. म्हणून नकाशा बघताना आधी विचारा: मोजलं किती बारीक होतं?